स्थानिक की राष्ट्रीय? पेपर वाचणाऱ्यांचा जुना वाद

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ३१ मार्च २०२४ पर्यंत बंदी घातली. राष्ट्रीय वृत्तपत्रांच्या दृष्टीने ही बातमी महागाईची होती. शहरांतल्या किरकोळ बाजारात कांदा चढला होता, लोकसभेची निवडणूक जवळ येत होती आणि सरकारला भाव आटोक्यात ठेवायचे होते. नाशिक जिल्ह्यातल्या वाचकासाठी तीच बातमी बाजार समित्यांची होती. लिलाव बंद पडले, भाव कोसळले, चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. ज्याने नुसता दिल्लीचा पेपर वाचला त्याला वाटले असेल, चला, ग्राहकाला दिलासा मिळाला. ज्याने नुसते जिल्ह्याचे पान वाचले त्याला भाव पडल्याचे कळले, पण दिल्लीत हा निर्णय कोणत्या हिशेबाने झाला याचा पत्ता लागला नसेल.

दोन्ही बातम्या खऱ्याच होत्या. एकीत निर्णय कुठे झाला ते होते, दुसरीत त्याचा फटका कुठे बसला ते. ‘पेपर कोणता घ्यावा, गावचा की मोठा?’ हा वाद घराघरांत चालतो, तेव्हा नेमके हेच विसरले जाते. मला या वादात बाजू घ्यायची आहे. राष्ट्रीय पेपर वाचायलाच हवा. पण स्थानिक पेपरला दुय्यम समजण्याची आपली सवय आपल्यालाच महागात पडते. आणि तो पेपर सुधारायचा असेल, तर ते वाटते त्याहून जास्त वाचकाच्या हातात आहे.

वाचक काय म्हणतात?

या प्रश्नावर लोकांशी बोलले की चार-पाच ठरावीक मते ऐकू येतात.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले म्हणतात, वाचायचा तर इंग्रजी राष्ट्रीय पेपर आणि फार तर एखाद्या मराठी दैनिकाचा अग्रलेख. जिल्ह्याच्या बातम्यांवर प्रश्न येत नाहीत. निवृत्त मास्तर, बँकेतले साहेब कुरकुरतात, ‘गावच्या पेपरात असतं काय? वाढदिवसाच्या जाहिराती, सत्काराचे फोटो आणि पुढाऱ्यांची भाषणं.’ शेतकऱ्याचे आणि व्यापाऱ्याचे म्हणणे उलटे असते. ‘दिल्लीत काय चाललंय ते टीव्ही दिवसभर सांगतो. आमच्या मार्केट यार्डात काल आवक किती झाली, कॅनॉलला पाणी कधी सुटणार, हे कोण सांगणार?’ घरातली म्हातारी माणसे आधी निधनवार्ता बघतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. कुणाच्या दारी जायचे राहू नये, हे त्यांचे कारण पक्के असते. मुंबईतला कोकणी चाकरमानी किंवा परदेशात नोकरी करणारा साताऱ्याचा मुलगा आता मोबाइलवर ई-पेपर उघडून मुद्दाम आपल्या जिल्ह्याची आवृत्ती निवडतो.

यातले एकही मत टाकाऊ नाही. प्रत्येकाने पेपरकडून जे हवे ते मागितले आहे, इतकेच. फरक पडतो तो नागरिक म्हणून आपल्याला काय हवे, हे विचारले की.

एकाच छपाईतले दोन वाचक

मराठी पत्रकारितेला हा पेच नवा नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, ते दोन भाषांत. एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. इथल्या लोकांना नवे ज्ञान कळावे आणि इथल्या लोकांचे म्हणणे राज्यकर्त्यांना कळावे, असे दोन्ही हेतू एकाच अंकात होते. (हाच दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो.) पुढे १८८१ च्या जानेवारीत पुण्यात टिळक, आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाची वाटणीच केली. ‘केसरी’ मराठी वाचकांसाठी, ‘मराठा’ इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी आणि सरकारसाठी. वर्षभरातच कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यांवर या पत्रांनी लिहिले आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. एका संस्थानातले प्रकरण छापल्याची ती किंमत होती.

तरीही तेव्हाची बरीचशी पत्रे मतांसाठी वाचली जात. रोजच्या जगण्यातल्या बातमीला पहिल्या रांगेत बसवण्याचे काम ठळकपणे केले ते ना. भि. परुळेकरांनी. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ काढला. साधी भाषा, गावोगावच्या बातम्या, सामान्य माणसाच्या अडचणी यांना त्यांनी जागा दिली. कोल्हापूरचा ‘पुढारी’, नाशिकचा ‘गावकरी’, सोलापूरचा ‘संचार’, मराठवाड्यात अनंत भालेरावांचा ‘मराठवाडा’ अशी प्रत्येक भागाची आपली वृत्तपत्रे पुढे उभी राहिली. गोवा मुक्त झाल्यावर काही महिन्यांतच, १९६२ मध्ये, पणजीत ‘गोमन्तक’ निघाला. बेळगावचा ‘तरुण भारत’ तर स्थानिक वृत्तपत्राची वेगळीच गरज दाखवतो. राज्य कर्नाटकाचे, वाचक मराठी. तिथल्या वाचकाला बेंगळुरूचा पेपर राज्याचे सांगतो, मुंबईचा पेपर भाषेच्या नात्याने सांगतो. पण त्याच्या स्वतःच्या गल्लीचे, शाळेचे, सीमाप्रश्नाचे सांगायला बेळगावचाच पेपर लागतो.

जिल्ह्याचे पान आणि त्याच्या भिंती

आणीबाणीनंतरच्या दोन-तीन दशकांत भारतीय भाषांतल्या वृत्तपत्रांचा खप झपाट्याने वाढला. साक्षरता वाढली, ऑफसेट छपाई आली, लहान शहरांतल्या दुकानदारालाही जाहिरात परवडू लागली. रॉबिन जेफ्री या अभ्यासकाने या बदलाला ‘वृत्तपत्रक्रांती’ म्हटले आहे. मोठ्या दैनिकांनी जिल्हावार आवृत्त्या काढल्या. बाहेरची पाने राज्याची आणि देशाची, आतली पाने जिल्ह्याची. आज आपण ‘स्थानिक पेपर’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा ही आतली पानेच आपल्या डोळ्यांसमोर असतात.

या व्यवस्थेने खेड्यातली बातमी छापखान्यापर्यंत आणली, हे मोठेच काम झाले. पण तिने भिंतीही उभ्या केल्या. हिंदी वृत्तपत्रांचा अभ्यास करताना सेवंती निनान यांनी ही गोष्ट नोंदवली होती. जिल्ह्याची बातमी जिल्ह्याच्याच पानात अडकते. शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाला ती दिसत नाही आणि राजधानीत बसलेल्या अधिकाऱ्यालाही दिसत नाही. महाराष्ट्रात हे सहज पटावे. कृष्णा साताऱ्यातून सांगलीत आणि पुढे कर्नाटकात जाते. कोयना धरणातून सोडलेले पाणी आणि कर्नाटकातल्या आलमट्टी धरणातला साठा या दोन्हींची चर्चा २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरने घरात पाणी शिरलेले असताना केली. नदी जिल्ह्याची हद्द मानत नाही. तिच्यावरची बातमीही मानून चालणार नाही. जिल्ह्याचे पान वाचणाऱ्याने बाहेरचे पान चाळून सोडू नये, ते याचसाठी.

अभ्यास काय सांगतो?

स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्राने खरोखर काही फरक पडतो का? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी भारतातल्या १६ राज्यांची १९५८ ते १९९२ या काळातली आकडेवारी तपासली. दुष्काळाने पीक गेले किंवा पुराने नुकसान झाले, तेव्हा कोणत्या राज्य सरकारने रेशनचे धान्य आणि मदत जास्त तत्परतेने पोहोचवली, हा त्यांचा प्रश्न होता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात उत्तर आले: जिथे वृत्तपत्रांचा खप जास्त, तिथे सरकार जास्त जागे. त्यांनी भाषावार फोड केली तेव्हा दिसले की हा परिणाम मुख्यतः त्या त्या राज्याच्या भाषेतल्या वृत्तपत्रांमुळे होता. इंग्रजी आणि हिंदी वृत्तपत्रांच्या खपाचा तसा परिणाम दिसला नाही.

कारण समजायला अवघड नाही. एखाद्या तालुक्यात टँकर पोहोचला नाही, ही दिल्लीच्या पेपरसाठी क्वचितच बातमी ठरते. मंत्र्याला ज्यांची मते हवीत ते लोक ज्या भाषेत वाचतात, त्या भाषेत ती छापली तर मात्र मंत्र्याला उत्तर द्यावे लागते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. सिनसिनाटी शहरातला ‘सिनसिनाटी पोस्ट’ हा पेपर २००७ च्या अखेरीस बंद पडला. खप फार राहिला नव्हता आणि शहरात दुसरे मोठे दैनिक चालूच होते. तरी ‘पोस्ट’ ज्या उपनगरांच्या बातम्या बारकाईने देत असे, तिथे नंतर काय झाले हे दोन अर्थशास्त्रज्ञांनी तपासले. स्थानिक निवडणुकांना उभे राहणारे उमेदवार घटले, मतदान कमी झाले आणि आधीचेच पदाधिकारी पुन्हा निवडून येण्याचे प्रमाण वाढले. एक छोटा पेपर गेला आणि नगरपालिकेतली चुरस ओसरली.

आपल्याकडे हा मुद्दा नुकताच अनुभवाला आला आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. राज्यातल्या इतरही अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांची हीच गत होती. तक्रार घेऊन जायला नगरसेवक नाही, सभागृहात प्रश्न विचारायला कोणी नाही. अशा काळात खड्डे, कचरा, पाणीकपात आणि निविदा यांवर रोज प्रश्न विचारणारे जे थोडे उरले, त्यांत शहराच्या पानावर लिहिणारा बातमीदार होता.

शेवटच्या पानांवरचा बारीक मजकूर

स्थानिक पेपरचे मोल कळायला मी नेहमी एक गोष्ट सुचवतो. ‘जाहीर नोटीस’चा एक चौकोन नीट वाचा. मजकूर साधारण असा असतो: तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे अमुक, तालुका अमुक येथील गट नंबर अमुक ही मिळकत आमचे अशील विकत घेत आहेत, सदर मिळकतीवर कोणाचा गहाण, दान, बक्षीस, वहिवाट, वारसा वा अन्य हक्क असल्यास त्यांनी चौदा दिवसांचे आत कागदपत्रांसह लेखी हरकत नोंदवावी, मुदतीत हरकत न आल्यास कोणाचाही हक्क नाही, असलाच तर तो सोडून दिला आहे, असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल.

हा मजकूर बारीक टाइपात असतो आणि बहुतेक वाचक तो ओलांडून पुढे जातात. पण माहेरच्या जमिनीत वाटा असलेल्या बहिणीला, शहरात नोकरीला गेलेल्या भावाला, कूळ म्हणून नाव लागायचे राहिलेल्या माणसाला तोच एक इशारा असतो. हरकत वेळेवर गेली तर व्यवहार थांबतो. नाही गेली तर पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

कायद्यानेही स्थानिक पेपरचे हे स्थान मान्य केले आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सरकारला जमीन घ्यायची असेल तर प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापावी लागते आणि त्यांतले एक प्रादेशिक भाषेतले असावे लागते. हरकतीसाठी ६० दिवस मिळतात. थकीत कर्जापोटी बँक घराचा ताबा घेते, तेव्हाची नोटीसही दोन वृत्तपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात द्यावी लागते. म्हणजे कायद्याच्या नजरेत पेपरात छापून आले की ते लोकांना कळवले गेले. आपण तो पेपर घेतलाच नाही, ही सबब सहसा चालत नाही.

शेवटच्या पानाच्या तळाशी आणखी एक ओळ असते: मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे, छपाईचा पत्ता आणि कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीला कोण जबाबदार ते. १८६७ च्या कायद्यापासून ही जबाबदारी छापील शब्दाला चिकटलेली आहे; त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘आपल्या तालुक्यात असं झालं’ छाप संदेशाखाली असे नाव नसते. पेपरात चूक झाली तर जाब कुणाला विचारायचा, हे माहीत असते.

दुखणे खरे आहे

वाढदिवसाच्या जाहिरातींबद्दल कुरकुरणारे मास्तर चुकीचे बोलत नाहीत. तालुक्याच्या वार्ताहराचे मानधन तुटपुंजे असते. कित्येक ठिकाणी बातमी देणे, पेपरची एजन्सी सांभाळणे आणि विशेषांकासाठी जाहिराती गोळा करणे ही तिन्ही कामे त्याच्याच गळ्यात पडतात. ज्याच्याकडून सकाळी जाहिरात आणायची, त्याच्या कारखान्याच्या मळीबद्दल संध्याकाळी त्याने कसे लिहावे?

दोष छोट्यांचाच आहे, असेही नाही. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातमीच्या वेषात प्रचार छापल्याचे आरोप झाले. महाराष्ट्रात मोठ्या खपाच्या वेगवेगळ्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती जवळजवळ शब्दशः सारखी छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. भारतीय पत्र परिषदेला ‘पेड न्यूज’वर समिती नेमावी लागली.

आणि जे वार्ताहर वाकत नाहीत, त्यांना मोजावी लागणारी किंमत दिल्लीच्या पत्रकारापेक्षा वेगळी असते. कारण ते ज्याच्याबद्दल लिहितात तो माणूस त्यांच्याच बाजारपेठेत रोज भेटतो. २००२ मध्ये हरियाणातल्या सिरसा इथल्या ‘पूरा सच’ या छोट्या पेपरने डेरा सच्चा सौदा या पंथातल्या एका साध्वीचे अत्याचाराबद्दलचे निनावी पत्र छापले. त्याच वर्षी संपादक रामचंदर छत्रपतींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात त्यांचा अंत झाला. २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने डेराप्रमुखाला बलात्कारप्रकरणी दोषी ठरवले, तेव्हा देशभरच्या वाहिन्या तिथे जमल्या होत्या. पंधरा वर्षांपूर्वी ते छापण्याचे धाडस एका गावच्या पेपराने केले होते. आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडले गेले. तिथल्या प्रस्तावित रिफायनरीच्या वादाशी निगडित त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्येच मंजूर केला होता.

मग वाचावे कसे?

शक्य असेल तर दोन पेपर घ्यावेत, एक जिल्ह्याचा आणि एक देशाचा. एकच परवडत असेल तर माझे मत स्पष्ट आहे: चांगली राज्य-देशाची पाने असलेला जिल्ह्याचा पेपर घ्या. देशाची बातमी टीव्ही, रेडिओ, मोबाइल अशा अनेक वाटांनी घरात येते. तालुक्याच्या रस्त्याच्या ठेक्याची खात्रीची बातमी यायला दुसरी वाट फारशी नाही. राष्ट्रीय पेपर वाचनालयात रोज मिळतो; शेजारपाजारच्या दोन घरांनी वेगवेगळे पेपर घेऊन अदलाबदल केली तरी भागते.

स्थानिक पान वाचताना तीन गोष्टी बघाव्यात. बातमीत दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे का? तोच मजकूर दोन पेपरांत शब्दाला शब्द सारखा आहे का? असेल तर ते बहुधा कुणीतरी पाठवलेले प्रसिद्धिपत्रक आहे. आणि कालच्या बातमीचे पुढे काय झाले? चौकशीचे आदेश निघाल्याची बातमी छापून येते, अहवालाची येत नाही. ती मागण्याचा हक्क वाचकाला आहे. वाचकांच्या पत्रांचा रकाना त्यासाठीच आहे आणि जिल्ह्याच्या पेपरात चार ओळींचे पत्र छापून येण्याची शक्यता राष्ट्रीय पेपरपेक्षा कितीतरी जास्त असते.

राष्ट्रीय पेपर वाचताना उलटा प्रश्न विचारावा: या निर्णयाचा माझ्या जिल्ह्यात काय अर्थ होतो? अर्थसंकल्पातली तरतूद, निर्यातीचे धोरण, पीकविम्याचा बदललेला नियम यांचे उत्तर त्या पेपरात मिळत नाही. ते जिल्ह्याच्या पानावर शोधावे आणि तिथे नसेल तर संपादकाला तसे लिहून कळवावे.

शेवटी पैशांबद्दल. पेपरच्या अंकाची किंमत छपाईचा आणि कागदाचा खर्चही भरून काढत नाही. उरलेला भार जाहिरातदार उचलतो आणि मग त्याचाच शब्द चालतो. वार्ताहराने आमदाराचे, कारखान्याच्या अध्यक्षाचे, बिल्डरचे तोंड न बघता लिहावे असे आपल्याला वाटत असेल, तर त्याच्या पगाराचा वाटा आपणच उचलायला हवा. पेपरची किंमत दोन रुपयांनी वाढली की तो बंद करायचा आणि वर त्यात नुसत्या जाहिराती असतात म्हणून नाक मुरडायचे, हे दोन्ही एकदम जमणार नाही. जिल्ह्याच्या पेपरची वार्षिक वर्गणी वेळेवर भरणे, गावच्या वाचनालयात तो चालू राहील याची काळजी घेणे आणि चांगली बातमी आली की वार्ताहराला फोन करून तसे सांगणे, एवढे प्रत्येक वाचकाला आजपासून करता येईल.